वडगावचा तह (१७७९)
पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईकर इंग्रजांनी पराभवानंतर मावळातील वडगाव येथे १६ जानेवारी १७७९ रोजी केलेला तह. राघोबादादांना पुण्यात नेऊन बसवायला निघालेली कंपनीची फौज तळेगावपर्यंत पोचली. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून ती माघारी वळली आणि वडगावात कोंडली गेली. रणांगणावरचा निकाल तिथेच लागला. अभ्यासण्याजोगे आहे ते त्यानंतरचे: हरलेल्या बाजूने वाटाघाटीत काय गमावले आणि काय राखले.

मुंबईकरांना फौज धडपणे घाटाखाली उतरवायची होती आणि साष्टी सोडायची नव्हती. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाणे-घोडबंदरपर्यंतचे बेट, आजच्या उपनगरांची जमीन. डिसेंबर १७७४ अखेर ठाण्याचा किल्ला (आजचे मध्यवर्ती कारागृह) हल्ला करून घेतल्यावर ते हाती आले होते. ते शत्रूकडे असले तर माहीम आणि शीवची खाडी हीच मुंबईची सरहद्द ठरे, आणि धान्याची वाटही परक्याच्या मर्जीवर राही.

विल्यम फार्मर हा वकील मराठ्यांच्या छावणीत गेला, तो कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारच्या मंजुरीशिवाय तह करण्याचा आपल्याला अधिकार नाही, ही सबब घेऊनच. ती मानली गेली नाही. मग मोहिमेच्या समितीतील जॉन कार्नाकने होम्स या दुसऱ्या वकिलाला पूर्ण अधिकार देऊन महादजी शिंद्यांकडे स्वतंत्रपणे पाठवले. हे अधिकार पोकळ आहेत हे कार्नाकला ठाऊक होते, आणि पुढे त्याने तसे सांगितलेही. शिंद्यांशी वेगळे बोलणे लावण्यात नाना फडणविसांपासून त्यांना थोडे बाजूला काढण्याचा हेतू उघड दिसतो. भडोच शिंद्यांना आणि ४१,००० रुपये त्यांच्या कारभाऱ्यांना देण्याचे कबूल झाले. राघोबा आधीच स्वतःहून शिंद्यांच्या हवाली झाल्याने, आश्रिताला धरून दिल्याचा बट्टाही टळला.

कागदावर १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख, साष्टीसह, परत द्यायचा होता. मुंबईच्या मदतीला बंगालहून येणाऱ्या फौजेला परतण्याचा हुकूमही कार्नाकने लिहून दिला. घाट उतरताच त्याने पहिले काम केले ते हा हुकूम स्थगित करण्याचे. मुंबई सरकारने तह झिडकारला, कलकत्त्यानेही मान्यता दिली नाही.

मराठ्यांची चूक क्रमात होती. फौज आधी सुटली, कलमांची अंमलबजावणी मागाहून व्हायची होती. तारण म्हणून हाती राहिले ते फक्त दोन ओलीस, फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्युअर्ट. ठाण्याचा किल्ला ताब्यात येईपर्यंत वडगावचा वेढा उठवायला नको होता. राघोबाही त्याच वर्षी निसटून सुरतेस इंग्रजांकडे गेले, आणि मार्च १७८० मध्ये शिंद्यांनी दोन्ही ओलीस सोडून दिले.

कार्नाक आणि फौजेचे सेनानी एगर्टन व कॉकबर्न यांना कंपनीच्या संचालकांनी बडतर्फ केले. डिसेंबर १७८० मध्ये बंगालहून आलेल्या फौजेचा सेनापती जनरल गॉडर्डने वसई घेतली, मात्र १७८१ च्या वसंतात बोरघाटातून माघार घेताना त्याला जबर मार बसला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी आणि घारापुरी मुंबईकरांकडेच राहिली.