ऊनसंरक्षण, त्वचेचे (ठाणे–नवी मुंबई)

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून त्वचेला होणारी इजा टाळण्यासाठी कापड, सावली आणि सनस्क्रीन वापरण्याची, तसेच उन्हाच्या वेळा सांभाळण्याची पद्धत. ठाणे–नवी मुंबईच्या पट्ट्यात तिची सांगड सहसा उकाड्याशी घातली जाते आणि गल्लत तिथेच होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, ती उष्णतेमुळे. अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. खाडीवरून गार वारा सुटला असतानाही ते त्वचा भाजू शकतात.

ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मेमध्ये सगळे छत्री उघडतात. जुलैत आभाळ भरलेले म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण उघडीप पडली की किरणांची तीव्रता मेसारखीच असू शकते आणि विरळ ढग त्यांना फारसे अडवतही नाहीत. शिवाय इथली खरी मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबारा उलटल्यावर होते.

अतिनील-ब किरण त्वचा भाजतात. अतिनील-अ खोलवर शिरून सुरकुत्या आणि डाग आणतात. काच पहिल्यांना बरीच अडवते, दुसऱ्यांना तितकीशी नाही. त्यामुळे पामबीच मार्गावर एसी लावून गाडी हाकणाऱ्याचाही खिडकीकडचा उजवा हात रापतो. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य बरेच संरक्षण देते, मात्र तिच्यावर वांग आणि काळे डाग लवकर उमटतात व रेंगाळतात. वांगाला दृश्य प्रकाशही पुरतो, म्हणून अशांसाठी लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी.

या भागातले सर्वांत रुळलेले साधन म्हणजे ओढणी किंवा स्टोल. दुचाकीवरच्या मुली ती कपाळापर्यंत ओढतात, नाकावरून फिरवून मानेमागे गाठ मारतात, वर हेल्मेट आणि गॉगल, हातांत कोपराच्या वर जाणारे मोजे. हसण्यावारी नेला जाणारा हा वेश बऱ्याच महागड्या ट्यूबांपेक्षा भरवशाचा आहे. अट एकच, वीण घट्ट हवी. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर पलीकडची बोटे दिसली, तर ते कापड फारसे कामाचे नाही, आणि पातळ सुती कापड घामाने भिजले की आणखीच कमी अडवते. उघडी राहतात ती पावले. चपलेच्या पट्ट्यांचे गोरे माग त्याचीच साक्ष देतात.

सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा ट्यूबवर छापलेला आकडा, ३० असेल तर सुमारे ९७ टक्के आणि ५० असेल तर ९८ टक्के अतिनील-ब किरण अडतात, फरक एवढासाच. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप गृहीत धरून काढलेले असतात. लोक त्याच्या निम्माही लावत नाहीत आणि लोकलच्या गर्दीत उरलेला रुमालाने पुसून टाकतात. घराबाहेर दर दोन तासांनी तो पुन्हा लावायला हवा. उरणकडच्या मिठागरांत राबणाऱ्यांना, मासळी सुकवणाऱ्या कोळणींना किंवा नाक्यावरच्या मजुरांना हा खर्च झेपणारा नाही. त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि भर दुपारची सुट्टी हेच उपाय आहेत. शेवटचा मुकादमाच्या हातात असतो.

काही पदार्थ त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाच्या) भीतीने घेतली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी त्यांपैकीच. ती घेतल्यावर थोड्या उन्हातही कातडी लाल होऊन जळजळू शकते. घरगुती उपायांत लिंबू सर्वांत फसवे. रापलेपणा घालवायला त्याचा रस चोळून कोणी उन्हात गेले, तर फोड येतात आणि मागे राहणारे तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.