बंदुकीची लाथ आणि मझल ब्रेक

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातात डुक्कर आणि बागेत माकडं हा विषय निघाला की गाडी बंदुकीवर येतेच, आणि मग कोणीतरी म्हणतं की अमेरिकेत रायफलच्या तोंडाला तो भोकंवाला तुकडा लावतात ना, त्याने गोळी सरळ जाते. तर तसं नाहीये. त्या तुकड्याला मझल ब्रेक म्हणतात आणि तो गोळीला काहीच करत नाही, जे करतो ते बंदुकीला.

तिकडे प्रेअरी डॉग (कुत्रा नव्हे, खारीच्या जातीचाच प्राणी), बिळातल्या खारी असले छोटे प्राणी लांबून टिपतात, बरेचदा पॉइंट २२३ च्या काडतुसाने. गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची पण सुटते सेकंदाला साधारण ९८० मीटरने, आणि तिच्यामागे दीड-पावणेदोन ग्रॅम दारू जळून झालेला गॅस असतो जो बाहेर पडताना गोळीपेक्षाही जोरात पळतो, त्यामुळे खांद्याला बसणाऱ्या धक्क्यातला, म्हणजे लाथेतला, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग या गॅसचाच असतो. गोळीचा धक्का टळत नाही, न्यूटनचा नियमच आहे तो. गॅसचा टळतो. ब्रेकच्या आतल्या आडव्या भिंतींवर गॅस आपटून बाजूला वळतो आणि शिडात वारा भरला की होडी ओढली जाते तशी बंदूक पुढे ओढली जाते.

फायदा काय, तर बंदुकीवरची दुर्बीण लक्ष्यावरून उडत नाही, गोळी कुठे लागली ते स्वतःला दिसतं.

आता नेमाचं. गोळी नळीबाहेर पडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेवढ्यात बंदूक मिलिमीटरभरही मागे येत नाही. म्हणजे लाथेपेक्षा लाथेची भीती नेम जास्त बिघडवते, चाप ओढायच्या आधीच खांदा आखडतो, डोळे मिटतात! म्हणून दस्ता खांद्याच्या खळग्यात नीट बसवायचा, श्वास सोडून क्षणभर थांबायचं आणि चाप हळूहळू दाबत जायचा, हे ब्रेक असला तरी शिकावंच लागतं.

आपल्याकडच्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) किंवा बारा बोअरच्या बंदुकीत नळीच्या तोंडाशी गॅसचा दाब कमी असतो, तिथे ब्रेकचा फारसा उपयोग नाही. आणि परवानगीशिवाय डुक्कर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, शेतीसाठी बंदुकीचं लायसन असलं तरीही.

ब्रेकची किंमत कान मोजतात. १४० डेसिबलच्या वरचा एकच बार कायमचं नुकसान करू शकतो, रायफल १६० च्या आसपास जाते आणि ब्रेक तो आवाज बाजूला न् मागे फेकतो, म्हणजे शेजारी बसलेल्याचे हाल जास्त. इअरमफ दोघांनीही घालायचे, आणि चिऱ्याच्या भिंतीलगत किंवा मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) पत्र्याखाली बसला असाल तर आवाज उलटून येतो, तिथे आत इअरप्लग आणि वर इअरमफ असं दोन्ही लागतं.