दंडनीती

दंडनीती : शिक्षेच्या अधिकाराने लोकांचे वर्तन मर्यादेत ठेवण्याचे शास्त्र. प्राचीन भारतात राज्यशास्त्रालाच हे नाव होते. राजधर्म आणि अर्थशास्त्र ही त्याची जवळची नावे. आजच्या मराठीत ‘दंड’ म्हणजे बहुधा पावती फाडून भरायची रक्कम. जुन्या शब्दात मात्र काठी, सैन्य, शिक्षा आणि राजसत्ता असे सगळेच अर्थ नांदत होते.

व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. यास्काच्या निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात ‘दंड’ हा शब्द धारण करणे या अर्थाच्या ‘दद्’ धातूपासून दिला आहे आणि लगेच औपमन्यव या आचार्याचे वेगळे मत नोंदवले आहे : दमन करतो म्हणून दंड. गौतम धर्मसूत्राने दुसरे मत उचलले आणि पुढच्या धर्मशास्त्रकारांत तेच रूढ झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही व्युत्पत्ती शंकास्पद आहेत. काठी हा मूळ अर्थ व शिक्षा हा लक्षणेने आलेला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘दंडनीती’ या सामासिक शब्दाचा विग्रह महाभारताच्या शांतिपर्वात (अध्याय ५९) दोन प्रकारे केला आहे : दंडाने जग नेले जाते म्हणून, किंवा जी दंडाला नेते म्हणून. त्याच अध्यायात आरंभी राजा नव्हता, दंड नव्हता, लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत असत, असे सांगितले आहे. पुढे मोह-लोभ वाढले तेव्हा ब्रह्मदेवाने एक लाख अध्यायांचे शास्त्र रचले. त्याचा संक्षेप विशालाक्षाने दहा हजार, इंद्राने पाच हजार, बृहस्पतीने तीन हजार आणि उशनसाने एक हजार अध्यायांत केला, अशी परंपरा आहे. आकडे पौराणिक असले तरी यांपैकी काही नावे कौटिल्यानेही पूर्वाचार्य म्हणून घेतली आहेत, त्यामुळे त्यांच्या नावाचे संप्रदाय असावेत.

दंडनीतीचा प्रमुख उपलब्ध ग्रंथ म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्र. तो बराच काळ केवळ उल्लेखांतून माहीत होता. १९०५ मध्ये त्याची ताडपत्री पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली व १९०९ मध्ये त्यांनी संहिता छापली. कालनिर्णयाचा वाद तेव्हापासून चालू आहे. कर्ता चंद्रगुप्त मौर्याचा मंत्री चाणक्यच, हे परंपरागत मत पां. वा. काणे यांनी ग्राह्य धरले. मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग सिद्ध करणारे र. पं. कंगले यांचाही कल तिकडेच होता. योली, विंटरनिट्झ आणि कीथ या यूरोपीय अभ्यासकांनी ग्रंथ इसवी सनाच्या आरंभानंतरच्या शतकांत नेला. ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये च, वा, एव यांसारख्या अव्ययांची वारंवारता मोजून ग्रंथात एकाहून अधिक लेखकांचे हात दाखवले. ऑलिव्हेल यांच्या मते (२०१३) मूळ रचना इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक या दरम्यानची असून नंतर तिच्यावर संस्कार झाले. ग्रंथातील चीनपट्ट (चिनी रेशीम), अलेक्झांड्रियाशी जोडले जाणारे ‘आलकंदक’ पोवळे आणि काहींच्या मते ग्रीकातून आलेला ‘सुरुंगा’ (मराठीतला सुरुंग तोच) हे शब्द उत्तरकालाच्या बाजूने पुढे केले जातात. कंगले यांची संहिता आजही आधारभूत आहे. काळाबाबत मात्र उत्तरकालीन संस्करणाचे मत अधिक पटण्याजोगे आहे.

कडक अंमलबजावणीने लोक सुधारतात का, हा प्रश्न याच ग्रंथात उघडपणे वादाला घेतला आहे (अधिकरण १, अध्याय ४). लोकव्यवहार नीट चालावा असे वाटणाऱ्या राजाने दंड सदैव उगारलेला ठेवावा, माणसांना वश करण्यास त्यासारखे दुसरे साधन नाही, असे ‘आचार्य’ म्हणतात. त्यावर दोन शब्दांचे उत्तर येते : ‘नेति कौटिल्यः’ (‘नाही, असे कौटिल्य म्हणतो’). तीक्ष्ण दंड देणाऱ्याची प्रजेला दहशत बसते, मृदू दंड देणाऱ्याला कोणी जुमानत नाही, यथायोग्य दंड देणारा पूज्य ठरतो. काम, क्रोध किंवा अज्ञान यांपायी चुकीचा वापरलेला दंड वानप्रस्थांना आणि संन्याशांनाही चिडवतो, मग गृहस्थांची काय कथा. आणि मुळीच न वापरलेला दंड मात्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहानाला गिळावे तशी स्थिती, आणतो. चाणक्य म्हणजे निर्दय शिक्षेचा पुरस्कर्ता ही लोकसमजूत या उताऱ्यापुढे टिकत नाही, जरी चौथ्या अधिकरणातील शारीरिक शिक्षा वाचताना ती समजूत कोठून आली हे कळते. मनूचा सूर अधिक निराश आहे : सारे जग दंडानेच ताब्यात राहते, कारण स्वभावतः शुद्ध माणूस दुर्मिळ (७·२२).

नगरातील सार्वजनिक शिस्तीचे नियम ‘नागरिक’ या नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात (२·३६) आहेत. रस्त्यावर केर टाकल्यास ‘पण’ या नाण्याचा आठवा भाग, चिखलपाणी तुंबवल्यास पाव पण. राजमार्गावर हेच दुप्पट. मेलेले मांजर, कुत्रे, मुंगूस वा साप नगरात टाकल्यास तीन पण, गाढव-उंटासाठी सहा, मानवी प्रेतासाठी पन्नास. पुण्यस्थान, पाणवठा, देऊळ आणि राजवाड्याची जागा येथे मलविसर्जन केल्यास एक पणापासून चढता दंड, मूत्रविसर्जनाला निम्मा. मात्र औषध, आजार किंवा भय यांमुळे तसे घडले तर दंड नाही. एवढी बारीक सवलत लिहिणाऱ्यासमोर प्रत्यक्ष प्रकरणे आली असावीत, असे वाटल्यावाचून राहत नाही. हे दर कोठे, किती वसूल होत असत याचा स्वतंत्र पुरावा मिळत नाही.

दंड सर्वांना सारखा नव्हता. मनुस्मृतीत (८·२६७–२६८) ब्राह्मणाला शिवीगाळ करणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण, शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट शूद्राला शिवी देणाऱ्या ब्राह्मणाला केवळ बारा पण. चोरीच्या बाबतीत मात्र जाणत्या शूद्राला आठपट, तर ब्राह्मणाला चौसष्टपट दोष सांगितला आहे. निरपराध्याला दंड करणाऱ्या राजाने तीसपट रक्कम वरुणासाठी पाण्यात सोडावी, असे अर्थशास्त्र म्हणते (४·१३). अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात, अभिषेकानंतरच्या २६ व्या वर्षी, व्यवहारसमता व दंडसमता यांचा उल्लेख येतो आणि वधाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिलेली आढळते.

मराठी कागदपत्रांत दंडनीतीची मांडणी तुटक आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना पाठवलेल्या पत्रात रयतेला उपद्रव दिल्यास तुम्ही मोगलांहूनही वाईट असे लोकांना वाटेल, अशी ताकीद आहे. धाक आधी आपल्याच माणसांना, हा त्यातला रोख. गोतसभेचे (वतनदार-गावकऱ्यांच्या न्यायसभेचे) दंड आणि ग्रामण्य (जातीने टाकलेला बहिष्कार) हा स्वतंत्र विषय आहे.

आधुनिक काळात कडक दंडाचा हाच वाद शिक्षेची तीव्रता विरुद्ध निश्चितता (ती होणारच याची खात्री) असा मांडला जातो. इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ मध्ये निश्चिततेची बाजू घेतली व नंतरच्या बहुतेक संशोधनाचा कौल तिकडेच आहे. सिंगापूरमध्ये १९६८ पासूनच्या स्वच्छता मोहिमेत दंडाला प्रचार, कचरापेट्या आणि झाडलोटीची जोड होती. परिणामाचे श्रेय एकट्या दंडाला देणे कठीण आहे. भारतात मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने १ सप्टेंबर २०१९ पासून हेल्मेट नसल्याचा दंड १०० रुपयांवरून १,००० रुपये झाला. गुजरातने त्याच महिन्यात तो ५०० वर आणला, तर महाराष्ट्राने नवे दर सुरुवातीला लागूच केले नाहीत. चौकात पोलीस दिसला की कोपरात अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढते आणि सिग्नल ओलांडला की परत कोपरात येते. कॅमेऱ्यावरून घरी ई-चलन येऊ लागल्यापासून काही चौकांत ते डोक्यावरच राहते.