झगा, काळा कोट, टी-शर्ट : जादूगाराच्या भूमिकेची पार्श्वभूमी

नवशिक्या जादूगाराला ‘आधी स्वतःचे कॅरॅक्टर शोध’ असे सांगितले जाते आणि तो शिंप्याकडे जातो. ही गल्लत जुनी आहे. रंगमंचावरच्या बहुतेक गाजलेल्या भूमिका दोन रोकड्या अडचणींतून घडल्या : सामान ठेवायचे कुठे, आणि हात तिकडे गेला तर का गेला.

पूर्वी लांब झगे असत, टेबलांवर जमिनीपर्यंत कापड असे आणि कधी त्याखाली साथीदार बसलेला असे. घड्याळजी असलेल्या एका फ्रेंच जादूगाराने ३ जुलै १८४५ रोजी पॅरिसमध्ये स्वतःचे छोटे नाट्यगृह उघडले. तिथे ही कापडे गेली आणि अंगावर प्रेक्षकांसारखाच काळा कोट आला. (या कोटाचे सगळे श्रेय त्याला देणे बरोबर नाही, त्या सुमारास इतरही तो घालत होते.) साध्या दिसणाऱ्या या कोटाच्या मागच्या शेपटीत खिसे असत. हात सैल सोडला की बोटे तिथे पोहोचत.

याच माणसाच्या १८६८ सालच्या पुस्तकातल्या एका वाक्याने पुढे गोंधळ घातला. जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट, एवढाच तुकडा आज सगळीकडे फिरतो. त्यावरून झपाटलेला मांत्रिक व्हा, वेगळे दिसा, असे अर्थ काढले जातात. मूळ परिच्छेदाचा विषय आहे बोटे. चपळ बोटांवर बेतलेला धंद्याचा रूढ फ्रेंच शब्द त्याला खटकत होता. नटाच्या उल्लेखानंतर लगेच तो सांगतो, की बोटे वेगवान असण्यापेक्षा कुशल असावीत आणि हालचाल जितकी शांत, तितका भ्रम सोपा. १८७८ च्या इंग्रजी अनुवादात हे सगळे आहे, पण लोकांनी नट उचलला आणि बोटे सोडली. मराठीत ‘हातचलाखी’ हा शब्द हाच घोळ करतो. ‘चलाखी’त चपळाई आणि लबाडी दोन्ही आहेत, म्हणून नवशिका हात पळवतो आणि पळणाऱ्या हाताकडेच डोळे वळतात.

झग्याची गोष्ट अधिक अवघड. १८९८ मध्ये अमेरिकेत आलेल्या एका चिनी जादूगाराने रिकाम्या कापडाआडून पाण्याने भरलेले मोठे भांडे काढून दाखवले. सैल झगा आणि संथ चाल त्या भांड्याच्या वजनाला शोभत होती. एका अमेरिकन कलावंताने तो प्रयोगच नव्हे, चिनी असणेही उचलले. रंगमंचावर तो इंग्रजी बोलत नसे. मार्च १९१८ मध्ये लंडनला बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात ती खरीच लागली, तेव्हा त्याच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडले. तंत्र म्हणून ही भूमिका चोख होती. दुसऱ्याची ओळख पांघरणे मात्र तेव्हाही अन्यायाचे होते. मूळ कलावंत हयात होता, काम करत होता.

त्यानंतरची उदाहरणे नवशिक्याला जास्त उपयोगी आहेत. एकडोळी चष्मा लावलेला, किंचित झिंगलेला वेल्श ‘साहेब’ हातमोजे घातलेल्या हातांनी हवेतून पत्ते काढायचा. पत्ते त्याला नकोसे असायचे, म्हणून तो ते टाकून देई. काढलेले पत्ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न तिथेच मिटला. कलकत्त्याच्या जादूगाराचा महाराजा-वेश भव्य सामानाला साजेसा होता. १९९७ च्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात टी-शर्ट आला, लपवायला जागा उरली नाही, आणि कॅमेरा बघ्यांच्या चेहऱ्याकडे वळला.

आपल्याकडे अनेकजण झब्बा निवडतात. त्याचा खिसा बाजूच्या शिवणीत, खोल असतो. नाणे तळाशी सोडताना कोपर मागे जाते, खांदा झुकतो, चोरी कळते. तळाशी टीप मारून खिसा चार बोटे उथळ करावा. कोटाच्या आतल्या चोरपिशवीचे प्रयोग झब्ब्यावर जमत नाहीत, ते वगळावेत. सुरुवातीला तीन प्रयोग, आठ-दहा मिनिटे पुरेत. हात कुठे कुठे अंगाजवळ जातो ते कागदावर मांडावे, मोबाईल एकदा समोर व एकदा बाजूला ठेवून चित्रण करावे आणि आवाज बंद करून पाहावे. हात खिशाकडे गेला तिथे काहीतरी बाहेर यायला हवे. विसरभोळा मास्तर चष्मा शोधेल, वैद्य डबी काढेल. रिकामा परत आलेला हात मागच्या रांगेतूनही दिसतो.