गरुडाचा ‘पुनर्जन्म’ आणि खरा पक्षी

‘चाळिशीत गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नख्या-पिसं उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा होऊन आणखी 30 वर्षं जगतो.’ गोव्यात कुणी खाणीवरचा ट्रक विकून होमस्टे काढायचं म्हटलं की हा मेसेज येतोच. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पक्षी तसा नाही.

चोच म्हणजे जबड्याच्या हाडावरचं केराटिनचं (नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचं) आवरण. ते आपल्या नखांसारखं सतत वाढतं आणि झिजतं. हाडासकट तुटलेली चोच परत येत नाही. शिवाय चोच-नख्यांविना शिकार कशी करणार? पाच महिने दूरच, त्याआधीच उपासमारीने मरेल. पिसं तो आयुष्यभर थोडी थोडी बदलतो, उडणं न थांबवता. (धंदा बदलणारी बरीच माणसंही जुनं काम एकदम सोडत नाहीत.) रानातले मोठे गरुड साधारण 20-30 वर्षं जगतात, सत्तर नव्हे.

पडताळायचं तर दुर्बीण घेऊन पणजीजवळच्या मालीमच्या मासेमारी जेटीवर जा. मासळीवर घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारी गरुडांच्याच कुळातल्या. एखादीच्या दोन्ही पंखांत जवळपास सारख्याच जागी फट दिसली, तर तिथलं जुनं पीस गळून नवं येतंय असं समजा.