भाषणात शब्दांचं वजन फक्त ७ टक्के?

वक्तृत्वाच्या शिबिरांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारं वाक्य: भाषणाचा परिणाम ५५ टक्के देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा, शब्दांचा जेमतेम ७ टक्के.

आकडे मनचे नाहीत, पण ते भाषणाचे नाहीत. १९६७मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून ते निघाले. त्यांत सुटा एकेक शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, एकात चेहऱ्याचे फोटोही दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याची भावना काय वाटते? शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तेव्हा भावना ओळखताना ऐकणारा सुराकडे, चेहऱ्याकडे झुकतो, एवढाच त्याचा अर्थ.

पडताळा घरीच घ्या. अजिबात न येणाऱ्या भाषेतलं भाषण पाच मिनिटं पाहा. हावभाव आणि आवाज पूर्ण मिळतात, म्हणजे ९३ टक्के पोचायला हवं. वक्ता चिडलाय हे कळतं; कशावरून, ते नाही.

स्वतःचा अनुभव सांगताना हा समज फार नडतो. हातवाऱ्यांची तालीम होते, वाक्यं कच्ची राहतात. ‘नागपूरच्या उन्हात फार त्रास झाला’ हे कितीही जोशात म्हणा, विरून जातं. ‘मे महिना, दुपारचे दोन, बर्डीवर गाडी उन्हात उभी, सीटवर टेकलो आणि चटक्यानं ताडकन उठलो’ हे साध्या आवाजातही पोचतं. म्हणून आधी जागा, वेळ आणि हाताला लागेल अशी एक वस्तू कागदावर लिहा. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. जिथं चित्र दिसत नाही, तिथलं वाक्य बदला. हातांचं नंतर बघू.