सोलापूरच्या मुरमाड रानात रेड वाइनला रंग कसा चढतो

रेड वाइनचा विषय निघाला की ‘त्या मातीची चव’ हे शब्द हमखास येतात. पण मुळांनी जमिनीतली चव उचलून मण्यात नेऊन ठेवावी, असं वेलीत काही घडत नाही. माती काम करते ती मुख्यतः पाण्याच्या मार्गाने. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशातले मृदाशास्त्रज्ञ जेरार सेगँ यांनी तिथल्या मळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हेच मांडलं: जमिनीत कोणती खनिजं आहेत यापेक्षा ती वेलीला पाणी कधी आणि किती देते, हे महत्त्वाचं. सोलापूर जिल्ह्यात ते फार ठळकपणे दिसतं.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा मणी दाबला तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग देणारं अँथोसायनिन सालीत असतं आणि तुरटपणा देणारं टॅनिन साल व बियांत. म्हणूनच रेड वाइनसाठी द्राक्षं सालीसकट आंबवतात. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या सोनाका आणि शरद सीडलेस या वाणांनी जिल्ह्याचं नाव झालं, पण ती खाण्याची द्राक्षं. तिथे मणी टपोरा व्हावा म्हणून जीएचं (जिबरेलिक ॲसिड या वाढसंजीवकाचं) डिपिंग करतात, म्हणजे घड त्याच्या द्रावणात बुडवतात. वाइनच्या बागेत नेमका हाच टपोरेपणा नको असतो.

इथली भारी काळी जमीन दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली. तिच्यातली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा रानात वेल पाल्यावर जाते, घड सावलीत राहतात, रंग फिका पडतो. मुरमाड रानात पाणी थांबत नाही, त्यामुळे ड्रिपची सूत्रं शेतकऱ्याच्या हातात राहतात. मणी सेट झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे तो मऊ पडून रंग धरू लागेपर्यंत, वेलीला हलका ताण दिला, तर मणी लहानच राहतो. तरी मुरूम तेवढा चांगला, असं सरसकट म्हणता येत नाही. फ्रान्सच्या पोमरोलमधला सर्वांत नावाजलेला मळा स्मेक्टाइटच्याच मातीवर आहे! तिथल्या हवेत तीच माती वेलीला बेतानं पाणी पुरवते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक ऑक्टोबरपर्यंत आटोपतो. पिकण्याच्या काळात हवा कोरडी राहते, हा मोठा फायदा. खरी अडचण उष्णतेची. पारा ३५ अंशांपलीकडे टिकून राहिला की सालीत अँथोसायनिन कमी तयार होतं आणि झालेलंही मोडू लागतं. मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक ॲसिड झपाट्यानं घटतं. आंबटपणा उतरला की वाइनचा लाल रंगही मंदावतो, कारण अँथोसायनिन आम्लातच लालभडक दिसतं. मग चाळिशी पार करणाऱ्या सोलापुरात रेड वाइन जमते कशी?

युरोपात थंडीत वेल सुप्त होते. इथे तशी झोप तिला मिळतच नाही. म्हणून वर्षात दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते आणि डोळ्यांत पुढच्या घडांची बीजं धरतात. पावसाळा सरताना गोड छाटणी, तिच्यावर घड येतात. फळ एकदाच. पण या पद्धतीमुळे ते कोणत्या हवेत पिकेल, हे माणसाला ठरवता येतं. युरोपातल्या बागायतदाराला ही मुभा नाही, आणि मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

अकलूज परिसरात फ्रातेल्ली वाइन्सच्या मळ्यांत इटलीतल्या टस्कनीची सांजोवेझे ही काळी द्राक्षं लावलेली आहेत. मायदेशी ती सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडली जातात. इथे हिवाळ्याच्या कोरड्या हवेत मण्यात पाणी उतरतं आणि उन्हाळा तापायच्या आत तोडणी उरकते. जानेवारीत दिवसा ३० अंशांच्या आसपास असलेला पारा रात्री १५-१६ पर्यंत उतरतो. या गार रात्रींत आम्ल कमी जळतं आणि साल रंग धरते.

म्हणून गोड छाटणीची तारीख जपून ठरवावी लागते. ती फार लवकर धरली तर फुलोरा परतीच्या पावसात सापडतो आणि डाऊनी हा बुरशीचा रोग घड खातो. लांबली तर रंग भरण्याचे दिवस मार्चच्या झळांत जातात. मधली मोकळी खिडकी थोड्याच आठवड्यांची असते, आणि हिवाळ्याच्या रात्री उबदार होत गेल्या तर ती आणखी आखडेल.